गोल कुठून निघाला

आमच्या घरी रविवारी संध्याकाळच्या भाकरी हमखास लांबायच्या, कारण परात दादांकडे असायची. दादा म्हणजे माझे वडील. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते फिटर होते आणि आमच्या कॉलनीच्या फुटबॉल टीमचे कोच होते. ही दुसरी नोकरी त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती. रविवारची मॅच आटोपून घरी आले की हातपाय धुवायचे, पुढच्या खोलीत मांडी घालायचे आणि माय पीठ घेऊन बसणार तेवढ्यात परात आपल्याकडे ओढायचे. मग डब्यांतले हरभरे आणि वाटाणे निघायचे. हरभरे आपले, वाटाणे समोरच्यांचे, आणि चेंडू म्हणून एक चिंचोका. "पोरांनी लाथा मारल्या त्या मैदानात मारल्या, आता माझ्या परातीत कामून?" असं माय दर रविवारी म्हणायची. दादा दर रविवारी म्हणायचे, "पाच मिनटं." तास व्हायचा. स्टोव्ह भर्रर्र करत राहायचा, त्यावर येसराची आमटी आटून आटून घट्ट व्हायची, आणि माय ती पाणी घालून पुन्हा सैल करायची.

दादांची रीत उलटी होती. गोल कसा झाला हे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी मांडत नसत. चिंचोका आधी गोलात ठेवायचा आणि तिथून मागं मागं यायचं. शॉट कुणी मारला? त्याला पास कुणी दिला? त्याला कुठून मिळाला? असं करत करत कधी एखाद्या थ्रोपर्यंत, कधी आपल्याच बॅकनं न घाबरता थांबवलेल्या एखाद्या चेंडूपर्यंत पोचायचं. "गोल कुणी केला ते साऱ्या गावाला ठाऊक हाय," ते म्हणायचे, "गोल कुठून निघाला ते सांग." मशीन बंद पडलं की जिथं थांबलं तिथं बघत बसायचं नसतं, मागं जायचं असतं, हे त्यांचं कारखान्यातलं शहाणपण होतं. हुकलेले चान्सही ते तितक्याच मायेनं मांडायचे, किंबहुना जास्तच. "गोल नशिबाचा असतोय रत्ने, चान्स कष्टाचा." म्हणून आमच्या वहीत गोल कमी आणि चान्स फार.

परवा माझी नात लॅपटॉपवर परदेशातली कुठलीशी मॅच बघत होती. मैदानाच्या चित्रावर लाल-हिरवे ठिपके, बाण, कुठून मारलेला शॉट किती भारी चान्सचा, त्याचे आकडे. "आजी, याला अ‍ॅनालिसिस म्हणतात," ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडं याला भाकरी लांबवणं म्हणायचे. तिला वाटलं आजी गंमत करतेय.

त्या परातीपाशी माझी जागा ठरलेली होती, दादांच्या उजव्या गुडघ्याला लागून. मी घरात एकटीच. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, पोरगा नाही म्हणून पोरीला घेऊन बसतो. मला ते बोलणं कधी लागलं नाही, उलट पोरगा नाही हे किती बरं, असंच मला वाटे. चिंचोका माझ्या मुठीत असायचा. दादा सांगायचे आणि मी चालवायची. मॅच चालू असताना पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून वहीत टिपणं करायचीही मीच. वही दरसाली औरंगपुऱ्यातून यायची, सायकलच्या कॅरिअरवर मला बसवून दादा घेऊन जायचे आणि दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही मला निवडायला लावायचे. अशा चार वह्या झाल्या होत्या. पाचवी अर्धी भरली होती तेव्हा नंदा आली.

नंदा म्हणजे आत्याची मुलगी, माझ्याच वयाची, सोळाची. आत्याचे यजमान वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. नंदाला अकरावी सायन्सला आमच्या शहरात प्रवेश मिळाला आणि ती एक पत्र्याची ट्रंक, कांद्याची पिशवी आणि आत्यानं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन आमच्याकडे राहायला आली. तिचे केस कमरेपर्यंत होते, हे पहिल्या दिवशी मी पाहिलं आणि लगेच माझी वेणी पुढं ओढून घेतली. दादांचा आत्यावर फार जीव. माय म्हणाली, "मामाच्या घरी भाचीचा मान मोठा, तिला कशाला नाय म्हणायचं नाय." मी म्हटलं, नाही म्हणणार. आणि पहिल्या आठवड्यात खरंच काही नव्हतं. माझ्या अंथरुणातली अर्धी जागा मी तिला आनंदानं दिली.

पहिल्या रविवारी ती दाराशी बसून मेथी निवडत होती. आम्ही दोघं परातीवर. त्या दिवशी आमच्या राजूनं मैदानाच्या अगदी मधून वीस-पंचवीस पावलं चेंडू नेला होता आणि त्याला कुणी आडवंच गेलं नव्हतं. दादा पास देणाऱ्याचं कौतुक करत होते. नंदानं मान वर न करता म्हटलं, "मामा, तो मधला वाटाणा तिथं नव्हताच."

"मग कुठं होता?"

"तुमचा तो ढांगळा पोरगा हाय ना, तो उगाच कडंला पळाला. चेंडू नव्हता त्याच्याकडं, तरी पळाला. त्याच्यामागं ह्यो वाटाणा गेला. म्हणून मधी जागा पडली."

दादांनी वाटाणा बोटानं कडेला सरकवला. खरंच, मध्ये रस्ता झाला. त्यांनी नंदाकडं मान वळवली. "हे तुला कसं काय दिसलं गं?"

"यार्डात कांद्याचा लिलाव असतोय ना," नंदा म्हणाली, "यापारी एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडं सरकले की मागं जागा पडती. म्हाताऱ्या बाया बरोबर त्याच टायमाला सांडलेला कांदा येचून घेत्यात. त्या बाया यापाऱ्याकडं बघत नायत, जागेकडं बघत्यात. मी लहानपणापासून बघती ते."

दादा मोठ्यानं हसले. असे हसताना मी त्यांना मॅच जिंकल्यावरही पाहिलं नव्हतं. मग त्यांनी माझा हात हातात घेतला, मूठ उघडली, आतला चिंचोका उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "धर. चालव."

मेथीचे देठ तसेच टाकून ती पुढं सरकली. मी थोडी मागं सरकले, कारण तिला जागा लागणार होती. आमटी उतरली का बघून ये, असं मला कुणी म्हटलं नव्हतं, तरी मी उठून स्वयंपाकघरात गेले.

त्यानंतरचे महिने मी हेव्यात काढले, हे आता लिहायला हरकत नाही. हेवा हा शब्द तेव्हा मला माहीत होता, पण तो पुस्तकातल्या सावत्र बहिणींना होतो अशी माझी समजूत होती. माझं म्हणणं एवढंच होतं की नंदा फणीत केस ठेवते, चहाचा फुरका मारते आणि झोपेत बडबडते. दादा कामावरून आल्यावर सायकल लावता लावता हाक मारायचे ती आता "नंदे" अशी यायची, आणि "रत्ने" तिच्यामागून. भाकरीचा पापुद्रा दादा पहिल्यापासून मला काढून द्यायचे. आता त्याचे दोन तुकडे व्हायचे, आणि मी माझा तुकडा तिच्या तुकड्याशी मनात मापून बघायची. तिचा मोठा निघाला की अन्न गोड लागायचं नाही. लहान निघाला तरी लागायचं नाही, कारण ती तो न बघताच खाऊन टाकायची. तिला माझा हेवा वाटत नव्हता, हे मला सगळ्यात जास्त झोंबायचं. रविवारी सकाळी आम्ही विहारात वंदनेला जायचो. भन्तेजी डोळे मिटायला सांगायचे, सर्व प्राणी सुखी होवोत असं मनात म्हणायला सांगायचे, आणि मी सर्व म्हणताना एक प्राणी बाजूला काढून ठेवायची. तो प्राणी माझ्या शेजारी पांढरं पातळ नेसून डोळे मिटून बसलेला असायचा.

वाईट म्हणजे तिचं खरं ठरत होतं. चेंडू नसलेल्या दोघांनी उगाच पळायचं, असं दादांनी तिच्या सांगण्यावरून टीमला शिकवलं. पोरं आधी हसली. मग चान्स वाढले, मग हसणं थांबलं. मी वहीत "राजू ते अन्वर, शॉट" असं लिहायची. तिनं वहीत पळणाऱ्यांच्या तुटक रेघा काढायला सुरुवात केली, आणि तिच्या रेघांपुढं माझं अक्षर नुसतं हजेरीपट दिसायला लागलं. पोरं तिला नंदाताई म्हणू लागली. मी होते ती दादांची रत्नाच राहिले. आणि त्या साली, आमच्या टीमच्या जन्मात पहिल्यांदा, आम्ही शहरातल्या कपाच्या फायनलला गेलो. आधीच्या मॅच आमच्याच मैदानावर झाल्या होत्या, फायनल छावणीच्या मोठ्या मैदानावर होती. दादा बारा वर्षं त्या कपासाठी पोरं तयार करत होते. त्यांनी कोटाची गुंडी मायकडून आठ दिवस आधीच लावून घेतली.

फायनलच्या आधीच्या रविवारी नंदानं सगळा सीझन मोजायला घेतला. पट्टी, पेन्सिल आणि पाचवी वही घेऊन ती सकाळपासून बसली होती. दुपारी तिनं दादांना बोलावलं. "मामा, हे बघा. चान्स कुठंबी संपू द्या, निघतोय अन्वरपासून. एकदा नाय, बहुतेक येळी."

अन्वर गॅरेजमध्ये काम करायचा. किडकिडीत, शांत, पायात चेंडू आला की घाई न करणारा. आमच्या मैदानाच्या एका अंगाला नाला होता, तो नेहमी त्या नाल्याकडच्या कडेला खेळायचा. आमच्यात रीतच होती, हाफटाइमला टीमनं बाजू बदलली की अन्वरही कड बदलायचा आणि पुन्हा नाल्याकडंच यायचा. अन्वरला नाल्याचा वारा मानवतो, असं पोरं चिडवायची. पण त्या पलीकडं कुणी त्याचा विचार केला नव्हता. दादांनी वहीतल्या खुणा एकेक बोट ठेवून पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणजे अन्वरच आपला नळ आहे, ते म्हणाले, तोटी मोठी करायची. फायनलला सगळ्यांनी चेंडू आधी अन्वरला द्यायचा. मधून स्वतः घुसायचं नाही, राजूनंसुद्धा नाही.

नंदा मात्र पेन्सिल चावत होती. "हे एकाच सीझनचं हाय, मामा. जुन्या वह्या असत्या तर ताडून बघितलं असतं. रत्ना, त्या कुठंयत गं?"

त्या माझ्या पेटीत होत्या, गोधड्यांच्या खाली. मी म्हणाले, "रद्दीत गेल्या. मागच्या साली."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. "माझ्या वह्या? रद्दीत?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता, कुणी वारल्याचं कळल्यावर माणूस जसं पुन्हा एकदा विचारतो तसा होता. आत माय स्टोव्हला पंप मारत होती, तिला ऐकू गेलं नाही. दादांनी तिला विचारलंही नाही. ते एवढंच म्हणाले, "जाऊ दे."

ती दोघं मैदानाकडं गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पेटी उघडली. खरं सांगते, मला फक्त बघायचं होतं की नंदाचं चुकतंय का. अन्वर आदल्या सालापासून खेळत होता. त्याच्याआधी नाल्याकडं फ्रान्सिस असायचा. तिसरी वही उघडली तर चान्स फ्रान्सिसपासून निघत होते. पहिल्या दोन वह्यांत फ्रान्सिस दुसऱ्याच कडेला होता आणि तिथून त्याचं नाव क्वचित येत होतं. तिथं नाल्याकडं दत्तू होता, आणि चान्स निघत होते दत्तूपासून. दत्तू कसा खेळायचा ते मला चांगलं आठवत होतं. दत्तूला धड पास देता येत नव्हता.

मी वह्या मांडीवर घेऊन बसले आणि मला सायकल आठवली. आठ वर्षांची असताना दादांनी मला त्याच मैदानावर सायकल शिकवली होती. पायडल सोडलं, हँडल सरळ धरलं, तरी सायकल आपली आपण नाल्याकडं जायची, आणि बांधावर आपटायची. मैदान उतरतं होतं. डोळ्यांना दिसायचं नाही इतकं थोडं, पण चेंडूला पुरे इतकं. कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना ठाऊक म्हणूनच कुणाच्या मनात येत नव्हतं. सुटलेला चेंडू नाल्याकडं घरंगळायचा, तिथं जो उभा असेल त्याला मिळायचा, आणि वहीत त्याचं नाव चढायचं. अन्वर चांगला होता, पण चान्स अन्वरपासून निघत नव्हते. ते जमिनीपासून निघत होते. आणि छावणीचं मैदान पोळपाटासारखं सपाट होतं.

माझ्या आयुष्यात मी स्वतःच्या डोक्यानं शोधलेली ही पहिली मोठी गोष्ट. दादा मैदानावरून आले की परात ओढायची, वह्या मांडायच्या आणि त्यांचं ते हसू बघायचं, असं मी ठरवलंसुद्धा. मग मी पुढचं बोलणं मनात ऐकलं. दादा म्हणणार होते, "नंदीनं जुन्या वह्या मागितल्या म्हणून सापडलं, नाहीतर कुणाला सुचलं असतं?" आणि ते खरंच होतं. तिनं मागितल्या नसत्या, तर मी पेटी उघडली नसती. शोध माझा, आणि चिंचोका पुन्हा तिच्या हातात. मी वह्या गोधड्यांखाली सारल्या, वर दोन गोधड्या जास्तीच्या घातल्या आणि पेटीवर बसून राहिले.

आठवडाभर मी रोज सांगायचं ठरवलं. मंगळवारी दादा बूट पॉलिश करत होते तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात नंदा काहीतरी म्हणाली, दादा हसले, आणि मी गिळून टाकलं.

फायनलला आम्ही दोघी छावणीच्या मैदानाच्या कडेला टीमच्या पिशव्यांवर बसलो होतो. मायनं बरोबर धपाटे दिले होते. पहिली दहा मिनिटं पोरांनी सांगितल्याप्रमाणं चेंडू अन्वरला दिला. मग समोरच्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी अन्वरवर दोन माणसं लावली. आमच्या मैदानावर अशा वेळी सुटलेला चेंडू कसाही घरंगळत त्याच्यामागच्या मोकळ्या जागेत यायचा. इथं चेंडू जिथं सुटला तिथंच थांबत होता. राजूला दोनदा समोर मोकळी वाट मिळाली, आणि दोन्ही वेळा त्यानं मान वळवून अन्वर शोधला, कारण त्याला तसं सांगितलं होतं. नंदा धपाटं हातात धरून बसली होती, खात नव्हती. "रत्ना, चेंडू त्याच्याकडं जातच नाय गं," ती म्हणाली. "काहून जात नाय?" तिनं माझ्याकडं इतक्या विश्वासानं पाहिलं की मी मैदानाकडं तोंड केलं. समोरच्यांनी दोन गोल केले. आमच्याकडून मांडण्याजोगा चान्ससुद्धा झाला नाही. शिट्टी झाल्यावर अन्वर आमच्यासमोर येऊन बसला आणि मोजे न काढताच म्हणाला, "मेरेकू बॉल मिल्याच नै, चाचा. मैं खडाच रहा." दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

कॉलनीत बोलणं व्हायचं ते झालं. पोरीच्या वहीवरून टीम खेळवली, अशी एक वार्ता नळावर दोन दिवस फिरली. दादा प्रत्येकाला सांगत, "चूक माझी हाय." नंदा काही कुणाला म्हणाली नाही. तिनं तीन संध्याकाळी पाचवी वही पुढं घेऊन घालवल्या. प्रत्येक खूण पुन्हा मोजली, बेरीज पुन्हा केली. "माझं मोजणं कुठं चुकलं तेच सापडंना, मामा," ती म्हणायची. सापडणार नव्हतं, कारण चूक त्या वहीत नव्हती. चूक खोलीच्या कोपऱ्यात, माझ्या पेटीत होती, आणि त्या पेटीवर बसून मी तिला शोधताना बघत होते. तीन संध्याकाळी. चौथ्या दिवशी तिनं वही दादांना परत दिली. पुढच्या रविवारी ती परातीपाशी आली नाही, अभ्यास आहे म्हणाली. बारावीला ती मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली.

चिंचोका माझ्याकडे परत आला. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. उजव्या गुडघ्याची जागा, अख्खा पापुद्रा, पहिली हाक. फक्त एक झालं. परातीत कुठं अडलं की दादा चिंचोक्याकडं बघत म्हणायचे, "नंदी काय म्हणली असती गं इथं?" रागानं नाही, मला डिवचायला नाही, सहज. दर रविवारी. घरात असताना ती माझ्या शेजारी बसायची, आता ती आम्हा दोघांच्या मध्ये बसली. मी लग्न होऊन सासरी जाईपर्यंत ती तिथून उठली नाही.

दादा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मैदानावर अपार्टमेंट झालं, नाला झाकला. तिथं राहणाऱ्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांची तक्रार असते की पार्किंग धुतलं की सगळं पाणी एकाच भिंतीला जाऊन साठतं, बिल्डरनं फसवलं. मी मान हलवते. त्या चार वह्या माझ्याबरोबर सासरी आल्या होत्या, गोधड्यांखालीच. परवा नातीच्या लॅपटॉपवरचे ठिपके पाहिले त्या रात्री झोप आली नाही, आणि सकाळी मी वह्या पिशवीत घालून वैजापूरची एसटी धरली. स्टँडवरच्या पाटीवर शहराचं नाव नवं आहे, गाडी जुनीच.

नंदा गणिताची शिक्षिका म्हणून रिटायर झाली. केस पांढरे झालेत, पण आहेत अजून कमरेपर्यंत. साठी उलटल्यावरही माझा हात आपोआप माझ्या वेणीकडं गेला. तिनं चहा केला, फुरका मारला. मी वह्या पुढं ठेवल्या. तिनं चष्मा लावला, पानं उलटायला लागली, आणि मला वाटलं होतं की आता ती माझ्याकडं बघेल. ती वहीकडंच बघत होती. "फ्रान्सिस," ती पुटपुटली. "आन हा दत्तू. कड बदलली की नाव जातंय..." चहा निवायच्या आत तिनं मांडीवर थाप मारली. "अगं, ही माणसं नायतच! ही जागा हाय! मैदान उतरतं होतं का काय?"

"व्हय. नाल्याकडं."

"आन छावणीचं सपाट!" ती हसायला लागली, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मामाला सांगायला पायजे होतं गं! मामा किती हसले असते!"

ज्याला मला एक दुपार आणि एक सायकल लागली होती ते तिला अर्ध्या कपात सापडलं. आणि दादा तिच्यासाठी हसले असते हे तिला आजही ठाऊक होतं. मी कबुली द्यायला आले होते, पोटात अपराध घेऊन आले होते, आणि त्या क्षणी पोटात होता तो मात्र जुनाच हेवा, कालच्यासारखा ताजा.

मग तिचं हसू थांबलं. तिनं वहीचा पुठ्ठा बोटानं चाचपला. "ह्या रद्दीत गेल्या होत्या ना?"

"नाही गेल्या."

"तुला उताराचं कवा कळलं?"

"फायनलच्या आधी. तू वह्या मागितल्यास त्याच दिवशी, दुपारी."

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं, आता ही बाहेर येईल आणि मला घराबाहेर काढील, आणि ते बरंच होईल. ती परात घेऊन आली. मूठभर हरभरे तिच्यात सोडले, मूठभर वाटाणे, आणि चिंचेच्या बरणीतून काढलेला एक चिकट चिंचोका माझ्यापुढं ठेवला. शाळेत फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोरीकडं बघावं तसं तिनं माझ्याकडं बघितलं. "चल, मागं मागं चल. गोल कुठून निघाला?"

मी चिंचोका घेतला. वह्या दडवल्या, त्याच्या आधी तू मोजलंस, त्याच्या आधी पोरं तुला ताई म्हणायला लागली, त्याच्या आधी दादा तुला पहिल्यांदा हाक मारायला लागले. मी बोलत गेले आणि चिंचोका मागं सरकवत गेले, तो परातीच्या काठाला लागला. "पहिल्या रविवारी," मी म्हणाले. "तू माझ्या हातातून चिंचोका घेतलास, तिथून."

"मी घेतला नाय रत्ने," नंदा म्हणाली. "तुझी मूठ उघडून मामानं मला दिला."

मी परातीकडं बघितलं. तिथं मी होते, नंदा होती, अन्वर, फ्रान्सिस, दत्तू, सगळे होते. इतक्या वर्षांत मी दादांना त्या परातीत एकदाही ठेवलं नव्हतं, आणि आता ठेवायचं म्हटलं तर त्यांच्यासाठी कुठला दाणा उचलायचा हे मला कळेना.